टाका घालण्याआधी बोटं हलवून बघा

इंटर्नशिपला निघालेल्या मुलामुलींनो,

परीक्षा संपली की शरीररचनाशास्त्राची पुस्तकं माळ्यावर जातात. हाताच्या नसांच्या जाळ्याची, म्हणजे ब्रेकियल प्लेक्ससची, आकृती तुम्ही सगळ्यांनी घोकलेली असते, तोंडी परीक्षेत काढूनही दाखवलेली असते. पण पहिल्याच रात्रपाळीत मनगट कापून घेतलेला माणूस समोर बसला की ती ऐन वेळी आठवत नाही. कॅज्युअल्टीत प्रश्न विचारायला परीक्षक नसतो. प्रश्न आपणच विचारायचा असतो, आणि तोही रुग्णाच्या बोटांना. माझ्या गुरूंनी जे माझ्या कानात सांगितलं आणि अपघात विभागात, ऑपरेशन थिएटरमध्ये ज्याचा मला पदोपदी प्रत्यय आला, ते आज तुमच्या हवाली करतो आहे. सगळ्याचं सार एकच: हाताला सुई, टाका, प्लास्टर किंवा भूल, काहीही देण्याआधी त्याच्या नसा तपासा, आणि जे दिसलं ते केसपेपरवर लिहा.

पाच, तीन, सहा, तीन, पाच

हा आकड्यांचा मंत्र आयुष्यभर पुरतो. मुळं पाच, खोडं तीन, फाटे सहा, दोर तीन आणि शेवटच्या नसा पाच. मानेची पाचवी ते आठवी आणि छातीची पहिली, अशा पाच नसांची मुळं मानेतल्या पुढच्या आणि मधल्या स्केलीन स्नायूंच्या फटीतून बाहेर पडतात. त्यांची तीन खोडं होतात. कॉलरबोनच्या मागे प्रत्येक खोडाला पुढचा आणि मागचा असे दोन फाटे फुटतात. काखेत या सहा फाट्यांचे तीन दोर होतात, आणि काखेतल्या मोठ्या रक्तवाहिनीच्या ज्या बाजूला दोर, तेच त्याचं नाव: बाहेरचा, आतला, मागचा. त्यांतून मस्क्युलोक्युटेनियस, ॲक्सिलरी, रेडियल, मीडियन आणि अल्नर या पाच नसा हातात उतरतात.

यामागचं तर्कशास्त्र एकदा समजून घ्या म्हणजे घोकंपट्टी संपते. पुढचे फाटे हात वाकवणाऱ्या स्नायूंकडे जातात, मागचे सरळ करणाऱ्यांकडे. वरची मुळं खांदा आणि कोपर सांभाळतात, खालची मुळं पंजा आणि बोटं. म्हणून खांदा उचलत नाही आणि कोपर वाकत नाही असा रुग्ण आला तर नजर मानेच्या पाचव्या-सहाव्या मुळाकडे जायला हवी. बोटांची बारीक कामं गेली असतील तर आठव्या मुळाकडे आणि छातीच्या पहिल्या मुळाकडे.

आकृती कोऱ्या कागदावर रोज एकदा काढा, महिनाभर काढा. मग स्वतःच्या हातावर नसा शोधा. कोपर थोडं वाकवून आतल्या उंचवट्याच्या मागे बोट फिरवलंत की अल्नर नस दोरीसारखी सरकते, दाबलीत तर करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. विच्छेदनगृहात काखेत इंग्रजी ‘एम’ अक्षर शोधा. मस्क्युलोक्युटेनियस, मीडियनची दोन मुळं आणि अल्नर मिळून ते तयार होतं, आणि ते सापडलं की बाकीचं जाळं आपोआप उलगडतं. ज्यांनी देहदान केलं, त्यांच्यामुळे तुम्हाला हे हातात धरून बघायला मिळालं. त्या ऋणाची फेड पहिल्या रुग्णापासून सुरू होते.

एका मिनिटात पाच नसा

तपासणीला हत्यार लागत नाही.

रेडियलसाठी मनगट वर उचलायला सांगा आणि बोटं मुळापासून, म्हणजे पंजाच्या सांध्यातून, सरळ करायला लावा. इथे एक चकवा आहे. रेडियल पूर्ण गेली तरी बोटांची पुढची पेरं सरळ होतात, कारण ते काम पंजातले छोटे स्नायू करतात आणि त्यांच्या नसा वेगळ्या. ‘बोटं सरळ होतात’ एवढं बघून समाधान मानू नका, बोटांच्या मुळाशी बघा.

मीडियनसाठी पंजा टेबलावर उताणा ठेवायचा आणि अंगठा सरळ छताकडे उचलायला सांगायचं. वरून बोटाने हलका दाब द्या आणि दुसऱ्या हाताने अंगठ्याखालचा मांसल उंचवटा घट्ट होतो का ते चाचपा. अल्नरसाठी बोटं फाकवायला सांगा. मग वर्तमानपत्राचा कागद दोन्ही हातांच्या अंगठा आणि तर्जनीमध्ये धरायला देऊन हळूच ओढा. ज्या बाजूची अल्नर गेली, त्या बाजूचा अंगठा कागद धरून ठेवायला पेरात वाकतो, कारण अंगठा तर्जनीकडे दाबणारा स्नायू अल्नरचा, आणि त्याची उणीव मीडियनचा स्नायू भरून काढतो. ज्यूल फ्रोमां या फ्रेंच डॉक्टरने १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धातले जखमी सैनिक तपासताना, ही खूण नोंदवली. शंभरावर वर्षं झाली, तिला अजून पर्याय नाही.

ॲक्सिलरीसाठी खांद्याच्या गोलाईवर तळवा ठेवा आणि हात बाजूला उचलायला सांगा. स्नायू तळव्याखाली आवळला पाहिजे. तिथली नुसती चामडीची संवेदना शाबूत आहे म्हणून नस शाबूत असं धरू नका. मस्क्युलोक्युटेनियससाठी तळवा वर ठेवून कोपर वाकवायला लावा आणि दंडाची बेटकुळी चाचपा.

संवेदनेसाठी तीन जागा पुरतात. तर्जनीचं टोक मीडियनचं, करंगळीचं टोक अल्नरचं, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली पंजाच्या मागची खाच रेडियलची. ‘लागतंय ना?’ असं विचारलंत तर रुग्ण ‘हो’ म्हणतो. त्याचे डोळे मिटवा, कापूस कुठे लागला ते त्याला सांगू द्या, आणि दुसऱ्या हाताशी ताडून बघा. टेबलावरच्या यू-पिनची दोन टोकं पाच-सहा मिलिमीटरवर आणून बोटाच्या टोकाला लावलीत, तर निरोगी माणूस दोन टोकं ओळखतो.

लहान मुलाला खेळ सांगायचा: दगड, कागद, कात्री, आणि शेवटी अंगठा-तर्जनीचा गोल. मूठ वळली तर मीडियन, पंजा ताणून उघडला तर रेडियल, कात्री झाली तर अल्नर ठीक. गोल जमला तर मीडियनची खोलवरची फांदी ठीक. ती बिघडली असेल तर गोलाऐवजी बोटांची टोकं चपटी होऊन चिमटा बसतो. रडणाऱ्या बाळाचं बोटही बोलतं. नस तुटलेल्या भागाला घाम येत नाही, तिथली कातडी कोरडी आणि गुळगुळीत लागते. कोमट पाण्यात अर्धा तास हात ठेवला तर बाकीची बोटं सुरकुततात, ते बोट तसंच राहतं. ही पाण्याची खूण मात्र ताज्या, उघड्या जखमेत वापरायची नाही.

मनगटावरची लहान जखम लहान समजू नका

फुटलेली बांगडी, खिडकीची काच, बाटली, संक्रांतीचा मांजा, उसाच्या फडातला कोयता. काचेची जखम वरून बोटभर दिसते आणि आत हाडापर्यंत गेलेली असते. रक्त थांबलं, रुग्ण शांत बसला, नातेवाईक म्हणतात, ‘डॉक्टर, दोन टाके घाला, गावाकडची शेवटची गाडी गाठायची आहे.’ अशा वेळी हातातली भुलीची सिरिंज खाली ठेवा आणि वर सांगितलेलं एक मिनिट वापरा. एकदा भूल दिलीत की बोट बधिर नस तुटल्यामुळे आहे की तुमच्या औषधामुळे, हे कुणालाच सांगता येणार नाही.

जखमेत डोकावलात तर मनगटाच्या मधोमध पांढऱ्या दोऱ्या दिसतील. सगळ्यांत वरवरची, मधली दोरी बहुधा पाल्मारिस लाँगस या स्नायूची शीर (टेंडन) असते, आणि तिच्याखाली, किंचित अंगठ्याच्या बाजूला, मीडियन नस. पण बऱ्याच लोकांना ही पाल्मारिस जन्मतःच नसते. त्यांच्यात मधोमध वर आलेली ‘दोरी’ म्हणजे खुद्द मीडियन असू शकते. फरक ओळखायला शिका. स्नायूची शीर पांढरीशुभ्र, चकचकीत आणि टणक असते, ओढली तर बोट हलतं. नस थोडी पिवळसर आणि मऊ असते, तिच्या पाठीवरून लांबीच्या दिशेने केसाएवढी रक्तवाहिनी धावते, आणि तुटलेल्या टोकातून बारीक ठिपक्यांसारखी टोकं फुगून बाहेर येतात. नसेचं टोक शिरेच्या टोकाला जोडलं गेल्याची उदाहरणं शल्यशास्त्रात नोंदलेली आहेत. शंका असेल तिथे जोडू नका.

रक्त उसळत असेल तर डोळे झाकून आर्टरी फोर्सेप्स लावू नका. करंगळीच्या बाजूला अल्नर रक्तवाहिनी आणि अल्नर नस अगदी लागून जातात, चिमट्यात दोन्ही सापडतात. गॉज ठेवा, दाबा, हात वर धरा, दहा मिनिटं घड्याळ बघून दाबा. नस तुटल्याचा संशय आला तर जखम स्वच्छ धुवा, कातडी सैल शिवा, पट्टी बांधा आणि हाताच्या किंवा प्लास्टिक सर्जनकडे पाठवा. स्वच्छ कापलेली नस पहिल्या काही दिवसांत मायक्रोस्कोपखाली जोडली की तिचा निकाल सर्वांत चांगला लागतो.

प्लास्टरच्या आधी आणि नंतर

दंडाच्या हाडाच्या मागे एक तिरकी खोबण आहे, त्यातून रेडियल नस हाडाला चिकटून जाते. म्हणून दंडाचं हाड मधोमध मोडलं की साधारण दहातल्या एका रुग्णाचं मनगट लोंबतं. यातल्या बहुसंख्य नसा दबलेल्या किंवा ताणलेल्या असतात आणि काही महिन्यांत आपणहून बऱ्या होतात. पण मनगट लोंबणं हाड बसवण्याआधी होतं की नंतर झालं, यावर पुढचा निर्णय अवलंबून असतो. आधी नीट असलेलं मनगट हाड ओढल्यावर लोंबलं, तर नस हाडांच्या टोकांत अडकली असण्याची शक्यता धरावी लागते. ही माहिती केसपेपरवरच्या तुमच्या दोन ओळींशिवाय कुठेही मिळणार नाही. नस परत येईपर्यंत मनगटाला सरळ आधार द्या आणि बोटांचे सांधे रोज हलवून घ्या. सांधे आखडले तर नस बरी होऊनही उपयोग नाही.

झाडावरून किंवा झोक्यावरून पडलेल्या, कोपराच्या वर हाड मोडलेल्या पाच-सात वर्षांच्या मुलाबाबत डोळ्यांत तेल घाला. खेड्यात असं मूल आधी हाडवैद्याकडे जातं आणि कामट्या घट्ट आवळून तुमच्याकडे येतं. बांधलेलं सगळं आधी सोडा. नाडी बघा, अंगठा-तर्जनीचा गोल करायला लावा, आणि मग बोटं अलगद सरळ करा. बोटं सरळ करताना मूल किंचाळत असेल आणि वेदनाशामक देऊनही दुखणं वाढत असेल, तर आतला दाब चढतो आहे. रिचर्ड फोन फोल्कमान या जर्मन सर्जनने १८८१ मध्ये वर्णन केलेला, कायमचा आखडलेला पंजा याच दाबातून येतो. इथे तास मोजायचे असतात. ‘सकाळी बघू’ हे वाक्य उच्चारू नका. वरिष्ठांना झोपेतून उठवा.

कुठलं बोट, ते विचारा

‘हाताला मुंग्या येतात’ ही तक्रार रोज येईल. बी-१२ची इंजेक्शनं आणि मानेचा पट्टा लिहून देण्याआधी विचारा, कुठल्या बोटांना येतात? अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू असेल, मध्यरात्री जाग येत असेल, हात झटकल्यावर बरं वाटत असेल, तर मनगटाच्या बोगद्यात मीडियन दबते आहे. नऊ शिरांबरोबर ही एकच नस त्या अरुंद जागेतून जाते. तळव्याच्या कातडीला जाणारी तिची फांदी बोगद्याच्या आधीच फुटून वरून जाते, म्हणून बोटं बधिर असली तरी तळवा ठीक असतो. अनामिकेची एक बाजू बधिर आणि दुसरी ठीक, ही खूण तर दिव्यासारखी स्पष्ट आहे. गरोदर बाई, थायरॉइडची किंवा मधुमेहाची रुग्ण असेल तर हा त्रास आणखी शोधा. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी बऱ्याच जणींना आराम देते. अंगठ्याखालचा उंचवटा बसायला लागला असेल तर ऑपरेशन लांबवू नका.

करंगळी आणि अनामिका असेल तर कोपर बघा. मानेपासून अंगठ्यापर्यंत कळ जात असेल तर सहावं मूळ, मधल्या बोटापर्यंत असेल तर सातवं. दुसऱ्या शतकात रोममध्ये गेलेनकडे पौसानियास नावाचा एक विद्वान आला होता. त्याची करंगळी, अनामिका आणि मधल्या बोटाचा अर्धा भाग बधिर होता, आणि बाकीचे वैद्य बोटांनाच औषध लावत होते. गेलेनने विचारपूस केली तेव्हा कळलं की तो रथातून पाठीच्या वरच्या भागावर पडला होता. गेलेनने उपचार बोटांवर केला नाही, पाठीच्या कण्यावर केला. तक्रार बोटात असली तरी कारण वर कुठेही असू शकतं, हा धडा तेव्हापासूनचा आहे. आणि डाव्या हाताच्या आतल्या बाजूने कळ, सोबत घाम आणि छातीत जडपणा असेल, तर नसांचा विचार नंतर. आधी ईसीजी.

आपल्या हातून इजा होऊ देऊ नका

दंडावरचं इंजेक्शन खांद्याच्या हाडाच्या टोकाखाली दोन-तीन बोटांवर, स्नायूच्या फुगीर भागात द्या. खाली आणि मागे घसरलात की रेडियल वाटेत येते. सुई शिरताच विजेसारखी कळ बोटापर्यंत गेली, तर औषध ढकलू नका, सुई काढा. कुबड्या देताना काखेखाली दोन-तीन बोटं जागा राहते का ते बघा आणि भार तळहातावर घ्यायला शिकवा. ऑपरेशन टेबलावर बेशुद्ध रुग्णाचा हात काटकोनापेक्षा जास्त फाकवू नका आणि कोपराखाली मऊ गादी ठेवा. त्याला कळ लागत नाही, सांगताही येत नाही. त्याच्या नसांची राखण तुमच्याकडे आहे.

दोन रुग्ण आणि वाया जाणारे महिने

पहिलं, नवजात बाळ. अवघड बाळंतपणात खांदा अडकतो, मान ताणली जाते आणि वरची मुळं दुखावतात. हात अंगाला चिकटलेला, कोपर सरळ, तळवा मागे वळलेला. यालाच अर्बचा पक्षाघात म्हणतात. आईला सांगा, बाळाला त्या हाताला धरून उचलू नका आणि मालिश करणाऱ्या मावशींना तो हात ओढू देऊ नका. कॉलरबोन मोडलं नाही ना ते बघा. बरीच बाळं बरी होतात, पण ‘होईल हळूहळू’ म्हणून घरी बसवू नका. महिनाभरात हात पुरता सुधारला नाही तर तज्ज्ञाला दाखवा, आणि तिसऱ्या महिन्यापर्यंत कोपर वाकलं नाही तर ऑपरेशनचा विचार व्हायलाच हवा.

दुसरा, दुचाकीवरून पडलेला तरुण. डोकं एका बाजूला, खांदा दुसऱ्या बाजूला ताणला जाऊन मुळं मज्जारज्जूतून उपटून निघतात. हात लुळा, जळजळ असह्य, आणि त्याच बाजूची पापणी उतरलेली, बाहुली बारीक. ही पापणीची खूण खालची मुळं उपटल्याचं सांगते. पाय आणि डोक्याच्या जखमा बघताना हात मागे पडतो, मग फिजिओथेरपी आणि वाट बघणं यांत वर्ष जातं. चालू नसेतला एक धागा बंद पडलेल्या स्नायूला जोडायची शस्त्रक्रिया आता होते. फक्त वरची मुळं गेली असतील तर अल्नरचा धागा दंडाच्या बेटकुळीला जोडण्याची ओबेर्लिन यांची पद्धत १९९४ पासून वापरात आहे. पण हे सगळं पहिल्या तीन ते सहा महिन्यांत केलं तर फळ देतं.

कुष्ठरोग विसरू नका

कुष्ठरोग संपला असं समजून कॉलेजात त्याच्यावर घाईने पान उलटलं जातं. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं, ते याच मातीत. हातावर बधिर चट्टा असो, करंगळी वाकडी होत असो, कोपरामागची अल्नर चाचपून बघा. दोन्ही बाजू ताडा. जाड, दुखरी नस हाताला लागली की निदान तुमच्या बोटांखाली आहे. नसेला सूज येऊन ताकद नुकतीच, सहा महिन्यांच्या आत, गेली असेल तर वेळेवर सुरू केलेली स्टिरॉइडची औषधं ती परत आणू शकतात. ज्याचा पंजा बधिर झाला, त्याला चुलीवरचं भांडं फडक्याने धरायला, लाकडी मुठीचा कालथा वापरायला, रोज रात्री हात पाण्यात भिजवून तेल लावायला आणि फोड शोधायला शिकवा. ही काळजी त्याची बोटं वाचवते.

शेवटचं

केसपेपरवर तपासणीची वेळ नोंदवून लिहा: मनगट उचलतो, अंगठा उचलतो, बोटं फाकवतो, तीन जागी संवेदना. उपचारानंतर पुन्हा तपासा आणि पुन्हा लिहा. पुढचा सर्जन तुमच्या या ओळींवर विसंबून निर्णय घेणार आहे. आणि हे वाचणारे जे डॉक्टर नाहीत, त्यांनाही सांगतो: घरात कुणाचा हात कापला, मोडला, तर टाके किंवा प्लास्टर होण्याआधी ‘डॉक्टर, बोटांच्या नसा बघितल्या का?’ एवढं नम्रपणे विचारा. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

तुटलेली नस जोडल्यावर दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते. तिची वाट बघणारा स्नायू साधारण वर्ष-दीड वर्षात कायमचा निकामी होतो. नसेचा वेग आपल्याला वाढवता येत नाही, निदानाचा येतो. ते पहिल्या दिवशीच करा.